पाहुण्यांचा तास

शिक्षण कोठे मिळते, असे कोणी विचारले तर आपण चटकन उत्तर देतो, ‘शाळेत.’ ते कोणाकडून मिळते, असे विचारले तर आपण म्हणतो, ‘गुरुजींकडून आणि पुस्तकांतून.’ ही उत्तरे खरी आहेत. परंतु ती अपुरी आहेत. प्रत्येक गावात असे कितीतरी लोक असतात, की ज्यांनी हाती खडू कधी धरलेला नसतो, तरीही त्यांच्यापाशी शिकवण्यासारखे पुष्कळ असते. बैलाच्या खुराला पत्री कशी मारावी, कोणत्या जमिनीत कोणते बी पेरावे, कालव्याचे पाणी कोणाच्या शेतात केव्हा सोडावे, हे ज्ञान पुस्तकात थोडे आणि माणसांजवळ फार असते. अशा माणसांना आठवड्यातून एकदा वर्गात बोलावून त्यांचे अनुभव ऐकावयाचे, यालाच ‘पाहुण्यांचा तास’ असे म्हणता येईल.

हा तास कसा असतो, तो नीट पार पडावा म्हणून मुलांनी काय करावयाचे असते आणि त्यातून काय साधते, हे आपण एका गावाच्या आधाराने पाहू.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. पुणे-सोलापूर हमरस्त्यावर ते वसलेले आहे. येथून एक रस्ता पंढरपुराकडे जातो, तर दुसरा कुर्डुवाडीकडे. भीमा नदी आणि तिच्यावरील उजनी धरण येथून दूर नाही. धरणामुळे या भागात उसाचे मळे वाढले, साखर कारखाने निघाले. अशा गावात शेतकरी आहेत, दुकानदार आहेत, वाहनांची दुरुस्ती करणारे कारागीर आहेत, धरणाच्या व कालव्याच्या कामावरील माणसे आहेत, आणि हंगामात ऊसतोडीसाठी येणारी कुटुंबेही आहेत. म्हणजे पाहुण्यांची येथे वाण नाही. वाण असेल तर ती त्यांना बोलावणाऱ्यांची.

अशा गावातील प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गात शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याचा आठवडा आपण डोळ्यांसमोर आणू.

रोज सकाळी शाळेचा आरंभ परिपाठाने होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि बातम्या असा त्याचा क्रम असतो. या प्रत्येक कामाची पाळी मुलांकडे आळीपाळीने येते. ज्याच्याकडे बातम्यांची पाळी असेल, त्याला आदल्या दिवशीच वर्तमानपत्र वाचून दोन-तीन महत्त्वाच्या बातम्या निवडाव्या लागतात. निवड करणे हेच एक शिक्षण आहे. कारण सर्वच बातम्या सारख्या महत्त्वाच्या नसतात. त्यानंतर भाषा, गणित व परिसर अभ्यास यांचे तास होतात. आठवड्यातील एक दिवस ग्रंथपेटीचा असतो. त्या दिवशी जो तो आपल्या आवडीचे पुस्तक घेऊन वाचतो आणि ते इतरांना थोडक्यात सांगतो. एक दिवस परसबागेचा असतो. मुले वाफे भांगलतात, पाणी घालतात, आणि मेथी किती दिवसांत उगवली याची नोंद वहीत करतात. दुपारी सारी मुले एका पंगतीला बसून शाळेत शिजविलेले अन्न जेवतात.

शनिवारी शाळा सकाळची असते. कवायत झाली की बालसभा भरते. बालसभेला अध्यक्ष लागतो. एकजण अध्यक्षाचे नाव सुचवितो, दुसरा त्याला अनुमोदन देतो. कोणी कथा सांगतो, कोणी कविता म्हणतो, आणि शेवटी एकजण आभार मानतो. सभेत काय झाले ते वहीत लिहून ठेवतात. त्याला इतिवृत्त म्हणतात. ग्रामसभेपासून लोकसभेपर्यंत सर्व सभांचे काम मूलतः याच रीतीने चालते. आपले मत सर्वांसमोर मांडणे आणि दुसऱ्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबणे, या दोन्ही गोष्टी लहानपणीच अंगवळणी पडाव्या, हा बालसभेचा हेतू होय.

बालसभेला जोडूनच पाहुण्यांचा तास घेता येतो. पाहुणा आला, बोलला आणि गेला, इतके हे काम सोपे नसते. त्याची सिद्धता चार-पाच दिवस आधीपासून करावी लागते. प्रथम वर्गात चर्चा होते. सध्या आपण कोणता धडा शिकत आहोत? त्या विषयाची माहिती गावात कोणाला आहे? नाव ठरले, की मुले त्यांना विनंतीपत्र लिहितात. पत्रात वार, वेळ आणि विषय स्पष्ट लिहिलेला असला पाहिजे. नंतर प्रत्येक मुलाने आपले प्रश्न वहीत लिहावयाचे असतात. ‘आपले नाव काय?’, ‘आपण कोठे राहता?’ हे प्रश्न वाईट नाहीत; पण त्यांची उत्तरे एका शब्दात संपतात. ‘हे काम आपण कोणाकडून शिकलात?’, ‘या कामात चूक झाली तर काय होते?’ असे प्रश्न विचारले, की पाहुणा मोकळेपणाने बोलू लागतो. चांगला प्रश्न विहिरीच्या पोहऱ्यासारखा असतो. तो जितका खोल जातो, तितका भरून वर येतो.

समजा, एका शनिवारी धरणाच्या कामावर आयुष्य घालविलेले एक वृद्ध गृहस्थ पाहुणे म्हणून आले. ते सांगतील, की उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या जलाशयास यशवंतसागर असे म्हणतात. त्यात एकंदर सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. अशा वेळी एखादी चुणचुणीत मुलगी विचारील, ‘आजोबा, उन्हाळ्यात वर्तमानपत्रात छापून येते, की उजनी उणे झाले. शून्याहून कमी पाणी कसे असेल?’

हा प्रश्न फार मोलाचा आहे. त्याचे उत्तर असे : धरणातील पाण्याचे दोन भाग मानतात. वरचा सुमारे ५३.५ अब्ज घनफूट पाण्याचा भाग हा उपयुक्त साठा. त्याखालचा सुमारे ६३.५ अब्ज घनफूट पाण्याचा भाग हा मृत साठा. नदीबरोबर वाहून येणाऱ्या गाळासाठी तळाची ही जागा धरलेली असते, आणि ते पाणी एरवी वापरावयाचे नसते. म्हणून मोजणी तळापासून न करता उपयुक्त साठ्याच्या खालच्या रेषेपासून करतात. पाणी त्या रेषेला टेकले, की साठा शून्य टक्के झाला असे म्हणतात. पुढे पिण्यासाठी मृत साठ्यातूनही पाणी घेण्याची वेळ आली, की आकडा उणे होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. उणे ५० टक्के म्हणजे उपयुक्त साठ्याच्या निम्मे, सुमारे २७ अब्ज घनफूट पाणी मृत साठ्यातून खर्च झाले. याचा अर्थ असा, की धरणात त्या वेळीही पाणी होते. पण ते उद्याच्या ठेवीतले होते. शून्याखालच्या संख्या पुढील इयत्तांच्या गणितात येतात. टेंभुर्णीच्या मुलांना मात्र त्यांची ओळख आपल्या धरणाच्या काठीच होऊ शकते.

तेच आजोबा आणखीही एक गोष्ट सांगू शकतील. धरण झाले तेव्हा नदीकाठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली आणि तेथील लोकांना आपली घरेदारे सोडावी लागली. इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर जलाशयात बुडाले आहे. पाणी फार खाली गेले, की ते उघडे पडते आणि लोक ते पाहावयास जातात. एकाच्या शेतात पाणी आले, ते दुसऱ्याचे शेत पाण्यात गेल्यामुळे आले, ही जाणीव आकड्यांच्या कोष्टकातून होत नाही. ज्याने ते पाहिले त्याच्या तोंडूनच ती ऐकावी लागते.

दुसऱ्या एखाद्या शनिवारी कुर्डुवाडीचे रेल्वेतून निवृत्त झालेले पाहुणे बोलावता येतील. कुर्डुवाडी व बार्शी यांच्या दरम्यान १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे ही लहान गाडी सुरू झाली. पुढे १९०६ साली ती पंढरपुरापर्यंत गेली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते. मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या मोठ्या गाडीच्या रुळांत मात्र साडेपाच फुटांचे अंतर असते. लहान गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चालत नसे. त्यामुळे कुर्डुवाडीस आलेला सर्व माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. याचा खर्च होई, वेळ जाई. पण त्यावरच अनेक हमालांची पोटे भरत. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या काही वर्षांत हा सारा मार्ग रुंद झाला आणि ती लहान गाडी इतिहासजमा झाली. एका सुधारणेने कोणाची सोय होते आणि कोणाचे काम जाते, हे मुलांना अशा तासाला समजते.

तिसऱ्या आठवड्यात आरोग्यसेविका ताई येतील. उसाच्या फडात काम करणाऱ्यांना सर्पदंशाचे भय असते. ताई सांगतील, की आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप विशेष आढळतात. साप चावल्यास जखमेवर चिरा देऊ नयेत, ती तोंडाने चोखू नये, दोरीने अवयव आवळून बांधू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये, आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरचे खरे औषध तेथेच मिळते. मांत्रिकाकडे नेण्यात जो वेळ जातो, तोच अनेकदा प्राणावर बेततो. एका तासात ऐकलेली ही माहिती एखाद्या मुलाने घरी जाऊन सांगितली आणि ती वेळेवर कोणाला आठवली, तर एक जीव वाचू शकेल.

येथे एक शंका येईल. पाहुणे सांगतील ते सर्व खरे मानावे काय? याचे उत्तर आहे, नाही. वडीलधाऱ्या माणसाने प्रेमाने सांगितलेली गोष्टही चुकीची असू शकते. साप दूध पितो, साप डूख धरतो, असे सांगणारे लोक गावोगाव भेटतात. वस्तुतः दूध हे सापाचे अन्न नव्हे, आणि सूड घेण्याइतकी स्मरणशक्तीही त्याला नसते. अशा वेळी पाहुण्यांचा उपमर्द करू नये. परंतु ऐकलेले वहीत लिहून घ्यावे, गुरुजींना विचारावे, पुस्तकात पाहावे, आणि दुसऱ्या जाणकारालाही पुसावे. माणसाचा आदर राखणे आणि त्याच्या म्हणण्याची पारख करणे या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. ज्याला दोन्ही जमतात, तो खरा विद्यार्थी.

शाळा आणि बाहेरचे जग यांना जोडण्याची ही कल्पना आजची नाही. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे एक शिक्षण परिषद भरली होती. हाताने उपयुक्त काम करीत करीत मुलांनी शिकावे, हा विचार तेथे मांडला गेला. त्याची योजना डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आखली. तेच पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी शिक्षणकार्य आरंभिले, आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ या त्यांच्या निष्ठावंत सहकारी होत्या. आदिवासी मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळेत येऊ शकत नसत. तेव्हा या बाईंनी शाळाच कुरणात नेली! गुरे चरत असत आणि मुले शिकत असत. तिला कुरणशाळा असे म्हणत.

अलीकडचे उदाहरण तर माढा तालुक्यातीलच आहे. परितेवाडी या लहानशा गावच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली श्री. रणजितसिंह डिसले हे शिक्षक म्हणून रुजू झाले. त्या वेळी शाळेची इमारत गुरांच्या गोठ्याला लागून होती. त्यांनी पाठ्यपुस्तकांत छोटी चौकोनी सांकेतिक चित्रे जोडली. भ्रमणध्वनी त्या चित्रापुढे धरला, की त्या धड्याशी संबंधित गोष्ट, कविता किंवा चित्रफीत मुलांना पाहावयास मिळे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही अशी चित्रे छापली जाऊ लागली. त्यांनी संगणकाच्या पडद्यावरून परदेशांतील विद्यार्थ्यांशी व जाणकारांशी मुलांची गाठ घालून दिली. म्हणजे पाहुणे हजारो मैलांवर आणि तास मात्र आपल्या वर्गात! ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ‘जागतिक शिक्षक पुरस्कार’ जाहीर झाला. पुरस्काराची रक्कम दहा लक्ष डॉलर होती. अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना तिचा अर्धा भाग वाटून देण्याचे त्यांनी त्याच वेळी जाहीर केले.

शासनानेही या विचाराला स्थान दिले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात असे सुचविले आहे, की सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना घालवावे आणि सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांजवळ शिकावे. महाराष्ट्रात २०२४ साली पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम ठरविण्यात आला.

तथापि, चांगल्या प्रथेचाही केवळ सोपस्कार होऊ शकतो. मोठ्या पदावरचा पाहुणा यावा, त्याला हार घालावा, त्याने तासभर भाषण करावे, मुलांनी रांगेत बसून टाळ्या वाजवाव्या आणि शेवटी छायाचित्र काढावे, एवढेच झाले तर तो समारंभ होतो. तास होत नाही. पाहुण्याच्या पदावरून तासाची किंमत ठरत नाही. मुलांनी किती प्रश्न विचारले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना काय आठवले, यावरून ती ठरते. म्हणून सोमवारी वर्गात उजळणी करावी. प्रत्येकाने आपल्याला समजलेली एक गोष्ट आणि न समजलेली एक गोष्ट सांगावी. न समजलेल्या गोष्टींतूनच पुढच्या पाहुण्यांची निवड होते. शेवटी पाहुण्यांना आभाराचे पत्र पाठवावे, आणि त्यात ‘आपण छान बोललात’ एवढेच न लिहिता आपण त्यांच्यापासून नेमके काय शिकलो ते लिहावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते. मग मराठवाड्यातून व इतर भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. पहाटे अंधारातच ती दोघे फडात जातात, ऊस तोडतात, वाढे छाटतात, मोळ्या बांधतात आणि गाडी भरतात. त्यांच्याबरोबर आलेल्या मुलांपैकी कित्येकांची शाळा मागे गावीच राहते. धाकट्या भावंडांना सांभाळणे, पाणी आणणे, भाकरी करणे ही कामे त्यांच्या अंगावर पडतात. २००९ साली झालेल्या आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. वर्षाच्या मध्येच तो आला असला, किंवा आधीच्या शाळेचा दाखला जवळ नसला, तरीही त्याला नाकारता येत नाही.

कायद्याने वर्गाचे दार उघडते. परंतु आत आलेल्या त्या मुलाशेजारी कोण बसणार, हे कायदा ठरवू शकत नाही. ते वर्गातील मुलेच ठरवितात. त्याची वही कोरी असेल, त्याला पाढे अडत असतील, त्याची बोली थोडी वेगळी असेल. त्याला हसणारे मिळाले, तर चार दिवसांत तो पुन्हा कोपीकडे वळेल. उलट एखाद्या शनिवारी त्यालाच पाहुण्याच्या खुर्चीवर बसविले तर? मोळी कशी बांधतात, वाढ्यांचे काय करतात, गाडी भरताना तोल कसा राखतात, आपल्या गावाहून येथे येण्यास किती दिवस लागले, रात्री थंडीत कोपीत कसे निजतात, हे तो सांगू लागेल. जो चहात साखर घालतो, पण ती कोणाच्या श्रमाने आली हे ज्याला ठाऊक नाही, त्याला हे ऐकणे अत्यंत आवश्यक आहे. आणि सांगणाऱ्याला त्या दिवशी प्रथमच वाटेल, की आपल्यालाही काही येते. असे वाटलेला मुलगा सोमवारी पुन्हा शाळेत येण्याचा पुष्कळ संभव असतो.

मात्र येथे जपून वागले पाहिजे. त्याला बोलावयाचे नसेल तर आग्रह करू नये. त्याच्या गरिबीविषयी खोदून विचारू नये. त्याच्या कामाविषयी, कौशल्याविषयी आणि गावाविषयी विचारावे. दयेपेक्षा जिज्ञासा बरी. कारण दया करणारा वरून पाहतो आणि जिज्ञासू शेजारी बसतो.

मुलांनो, तुमच्या गावात धरण नसेल, रेल्वेचा कारखानाही नसेल. पण शेताच्या बांधावर, बाजारात, बसस्थानकावर आणि दवाखान्यात तुमचे पाहुणे आहेतच. तुमच्या घरातही एखादी आजी आहे, जिला लिहिता येत नाही, पण बी कसे राखावे हे पुरते ठाऊक आहे. या आठवड्यात अशा तीन व्यक्तींची यादी करा. प्रत्येकीच्या नावापुढे, तिला विचारावयाचे दोन प्रश्न लिहा. आणि यादी पुरी झाली, की आपल्या वर्गाकडे एकदा दृष्टी टाका. ज्याच्याशी कोणी फारसे बोलत नाही असा एखादा सोबती दिसला, तर यादीत सर्वांत वर त्याचे नाव घाला.